वानरांना गडगा

हापूसच्या बागेला आपल्याकडे चिऱ्यांचा गडगा घालतात. त्याने गुरं अडतात, शेजारी थोडेफार अडतात. वानर त्याच्यावरच बसून आंबा खातो. वेबसाइटवर राइट क्लिक बंद करून मागणाऱ्या होमस्टेवाल्यांना मी आधी हेच सांगतो. ऐकत कोणी नाही.

मागणी ठरलेली. मालवणचे फोटो आणि मसाल्याची कृती साऱ्या जगाला दिसली पाहिजे, पण उतरवून कोणी घेता कामा नये. गोची अशी, की पान दिसतं तेव्हा फोटो बघणाऱ्याच्या मशीनवर उतरून झालेला असतो. आंबा हातात दिल्यावर आपण फाटकाला कुलूप लावतो. राइट क्लिक अडवणारी जावास्क्रिप्ट, म्हणजे पानासोबत येणारा छोटा प्रोग्राम, ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन बंद केली, की मेली. मजकूर निवडू न देणारी सीएसएसची (पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडची) ओळ कंट्रोल-यू दाबून मूळ कोड उघडला, की निकामी. अडकतो तो बिचारा पाहुणा. त्याला खोली बुक करायला आपलाच फोन नंबर कॉपी करायचा असतो!

पीडीएफला पासवर्ड दोन. उघडण्याचा पासवर्ड खरा, त्याच्याशिवाय मजकूर उलगडत नाही. कॉपी आणि छपाई रोखणारा दुसरा म्हणजे ‘फुले तोडू नयेत’ ही पाटी. फाइल उघडली की मजकूर उलगडलेलाच असतो. पाटी मानायची की नाही, ते वाचणारं सॉफ्टवेअर ठरवतं.

अँड्रॉइड ॲपमध्ये ‘फ्लॅग सिक्युअर’ ही खूण लावली की स्क्रीनशॉट निघत नाही किंवा काळा येतो. मग वहिनीच्या फोनने या फोनचा फोटो काढायचा. मोठमोठ्यांचीही हीच गत. डीव्हीडीचं ४० बिटांचं कुलूप १९९९ साली फुटलं, टीव्हीला जोडायच्या एचडीएमआय तारेतलं चित्र कॉपी होऊ न देणाऱ्या एचडीसीपी या कुलपाची मास्टर किल्ली २०१० मध्ये उघड्यावर आली. बघणाऱ्याच्या घरी कुलूप पाठवायचं तर किल्लीही पाठवावी लागते, त्याला कोण काय करणार?

तरी फोटो १२०० पिक्सेल रुंदीचाच चढवावा, मूळ मोठा घरी ठेवावा. नाव कोपऱ्यात नको, पापलेटाच्या पोटावरून आडवं घाला. कोपरा कोणीही कापतो. फाइलमध्ये दडवलेल्या नावावर विसंबू नका, फोटो व्हॉट्सॲपवरून एकदा फिरला की ते पुसलं जातं.

मराठीत जबरदस्त कुलूप एकच होतं, युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, आधीचे फॉन्ट. त्यातली ‘सोलकढी’ कॉपी करून डकवली की रोमन अक्षरांचा नि चिन्हांचा नुसता चिखल. गूगल लेन्स थेट अक्षरांचे आकारच वाचायला लागली आणि तेही गेलं. आता भिस्त कीबोर्डच्या आगाऊपणावर. बांगड्याच्या तिखल्यात आठ तिरफळं, म्हणजे मासळीत घालायची मसाल्याची फळं, लिहिलेली असतात. चोरटा घाईत टाइप करतो, कीबोर्ड त्यांचा त्रिफळा करतो. मग कॉपी कोणी केली, ते दुसऱ्या दिवशी सकाळी आपोआप कळतं.