लॉक-इन किती महिन्यांचे?

एखाद्या बड्या कंपनीने मुंबईत मोठे कार्यालय घेतले की दुसऱ्या दिवशीच्या अर्थपानावर 'बाजारावरचा विश्वास' हे शब्द हमखास येतात. व्यावसायिक जागांचे भाडेकरार तपासण्यात माझा दिवस जात असल्यामुळे मी चौरस फुटांकडे नंतर पाहतो, लॉक-इनचे कलम, म्हणजे भाडेकरूला किती महिने जागा सोडता येणार नाही ते, आधी काढतो. करार नऊ वर्षांचा असला तरी भाडेकरू त्यात बांधलेला असतो बहुधा तीन ते पाच वर्षेच. त्यानंतर नोटीस द्यायची, डिपॉझिट परत घ्यायचे आणि निघायचे. गेल्या महिन्यात एका कंपनीच्या वकिलांनी मसुद्यातले ६० महिने पेनाने खोडून वर ३६ लिहिले. त्याच कंपनीच्या प्रसिद्धिपत्रकात मात्र 'दीर्घकालीन बांधिलकी' होती!

म्हणून मला सुमितोमो या जपानी समूहाचे व्यवहार अधिक बोलके वाटतात. त्यांच्या गोईसू रिअल्टीने २०१९ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातला सुमारे तीन एकरांचा भूखंड एमएमआरडीएकडून २,२३८ कोटी रुपयांना ८० वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतला आणि २०२३ मध्ये बॉम्बे डाइंगची वरळीतली सुमारे २२ एकर जमीन ५,२०० कोटींना घेण्याचे ठरवले. परवानग्या, पाया, इमारत आणि मग कुठे पहिले भाडे. एवढा काळ अडकून पडणारा पैसा नोटीस देऊन उठू शकत नाही.

तरीही याला मुंबईच्या बाजाराचे प्रशस्तिपत्र म्हणताना माझा हात आखडतो. हे दोन्ही व्यवहार ठरले तेव्हा जपानच्या मध्यवर्ती बँकेचा व्याजदर उणे ०.१ टक्का होता, आणि तो थेट मार्च २०२४ मध्ये शून्याच्या वर आला. घरी पैशाला व्याजच मिळत नसेल, तर बाहेर जमीन घेण्यामागे उमेद किती आणि नाइलाज किती, हे किमतीवरून कळत नाही. शिवाय विकणाऱ्याची बाजू आपण सोडूनच देतो. वरळीच्या पैशातून बॉम्बे डाइंगला कर्ज फेडायचे होते. म्हणजे ज्या व्यवहारात खरेदीदाराचा विश्वास दिसला, त्यातच विक्रेत्याची निकडही होती.

वरळीच्या त्या जागेवर उद्या कार्यालये उभी राहिली, तर पहिल्या भाडेकरूच्या नोंदणीकृत कराराची प्रत मी काढणार आहे. त्यात ६० लिहिलेले असेल की ३६, तेवढेच मला पाहायचे आहे.