ट्रेकवरून परस्पर जाऊ नका, सांगून जा

गेल्या रविवारी राजगडला जे झालं ते चार दिवस डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितेय. पोस्ट लांब होणार आहे, पण पावसाळा सुरू आहे, दर शनिवार-रविवार पुण्यातून ट्रेकच्या बस भरभरून निघतायत आणि माझ्या लिस्टमधले निम्मे लोक तरी कुठल्या ना कुठल्या ग्रुपबरोबर जात असतात, तर प्लीज वाचा.

आम्ही चौतीस जण होतो. गुंजवण्यातून चोर दरवाज्यानं वर आणि त्याच वाटेनं खाली, असं ठरलेलं. मी बऱ्याच वर्षांपासून या ग्रुपबरोबर जाते आणि हल्ली बहुतेक वेळा स्वीप असते, म्हणजे सगळ्यात शेवटी चालायचं, माझ्या मागं कोणी राहता कामा नये एवढंच काम. वर पद्मावती माचीवर मोजलं तेव्हा चौतीस. धुकं इतकं की दहा पावलांवरचा माणूस ओळखू येईना. उतरायच्या आधी परत मोजायला हवं होतं, पाऊस वाढला म्हणून घाई झाली आणि मीही अडवलं नाही, ते माझं चुकलंच. खाली बसपाशी मोजलं तर तेहेतीस.

परत मोजलं. बसमध्ये चढून एकेक सीट बघितली. तेहेतीसच. चोर दरवाज्याखालचा तो टप्पा ज्यांनी पावसात उतरलाय त्यांना माहितीये, रेलिंग आहे पण ओलं लोखंड गच्च धरून पाय चाचपडत खाली टाकावा लागतो, धुक्यात पुढचा दगडसुद्धा नीट दिसत नाही. तिथून कोणी सरकलं असेल तर? दुसरा विचारच येईना. फोन लागत नव्हता. साडेपाचला आमचे दोन लीडर आणि गावातले एक दादा, ज्यांच्याकडं सकाळी आम्ही पोहे खाल्ले होते, टॉर्च घेऊन परत वर निघाले. दादा आदल्या दिवसापासून भाताच्या लावणीत, कंबर धरलेली, तरी डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद घेतला आणि निघाले, कोणी सांगायची वाट पण बघितली नाही. अंधार पडल्यावर वरून शिट्टी ऐकू यायची, तीनदा, मग शांत, मग परत तीनदा. बसमध्ये कोणी बोलत नव्हतं.

आठ चाळीसला त्या मुलाचा फोन लागला. तो घरी होता. वर ओळखीची मुलं भेटली, त्यांच्याबरोबर पाली दरवाज्यानं उतरला, त्यांच्याच गाडीतून पुण्यात आला, फोनची बॅटरी संपली होती, आंघोळ करून झोपला. मला म्हणाला, "अहो ताई, मी काय लहान आहे का? माझं मी आलो ना नीट."

लहान नाहीच तो. सत्तावीस वर्षांचा, माझ्यापेक्षा दुप्पट फिट. पण तो पांघरूण घेऊन झोपला होता तेव्हा तीन माणसं त्याला शोधत त्या ओल्या कातळावर होती, आणि वर रेंज नाही त्यामुळं तो सापडलाय हे त्यांना कळवताही येईना, ते खाली येईपर्यंत पावणेदहा झाले. मधेच जायला कोणाची ना नसते हो. पाय दुखतोय, काम आलं, मित्र भेटले, कंटाळा आला, काहीही असू दे, जा. पण लीडरला समोर उभं राहून सांगा, त्यानं यादीत तुमच्या नावापुढं खूण केलेली बघा आणि मग जा. व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज टाकणं म्हणजे सांगणं नाही, गडावर तो मेसेज पोचतच नाही.

खूप जणांना वाटतं की पैसे भरलेत, आता जबाबदारी त्यांची. आयोजकाची जबाबदारी आहेच, २०२१ साली राज्य सरकारनं साहसी पर्यटनाचं धोरण आणलं त्यात आयोजकांची नोंदणी आहे, तर बुकिंग करताना नोंदणी आहे का, फर्स्ट एड कोणाला येतं, किती लोकांमागं किती लीडर, हे बिनधास्त विचारा. पण डोंगरात तुमच्या वागण्याची किंमत तुमच्या मागं चालणारा मोजतो, ती बुकिंगच्या पैशात येत नाही.

मागं चालणारा म्हटलं की अजून एक गोष्ट, स्वीप असल्यामुळं मला ती दर वेळी दिसते आणि दर वेळी जीव तुटतो. पुढची तरणी मंडळी झपाझप जातात, टप्प्यावर जाऊन बसतात, पाणी पितात, चिक्की खातात, फोटो काढतात, पंधरा मिनिटं मस्त आराम होतो. मग शेवटची बाई धापा टाकत पोचते आणि ती पोचली रे पोचली की सगळे उठतात, "चला आले सगळे, निघूया." म्हणजे ज्यांना गरज नव्हती त्यांना विश्रांती मिळाली आणि जिला खरी गरज होती तिला पाण्याचा घोटसुद्धा घेता आला नाही. असं तीन टप्प्यांवर झालं की चौथ्या टप्प्याला तिचे पाय थरथरायला लागतात, आणि अपघात नेमका तेव्हा होतो, उतरताना, दमलेल्या पायांनी. शेवटचा माणूस पोचल्यावर अजून दहा मिनिटं बसून राहायचं, त्यानं स्वतः चला म्हणेपर्यंत, एवढं सोपं आहे. त्या दहा मिनिटांनी कोणाचा गड चुकत नाही.

दमा, बीपी, शुगर, जुनं गुडघ्याचं ऑपरेशन, जे असेल ते सकाळी लीडरला सांगा, लाजायचं काय त्यात. आणि इनहेलर, गोळ्या, बिस्किटं स्वतःच्या पाठीवरच्या सॅकमध्ये ठेवा. एका काकांची शुगर उतरली होती आणि त्यांचा डबा खाली बसमध्ये, तो अर्धा तास मी विसरूच शकत नाही.

गावाचंही जरा बघा. जुलैत पायथ्याची सगळी भातखाचरं लावलेली असतात आणि वाट चिखलाची झाली की लोक बांधावरून चालायला लागतात. एक माणूस गेला तर काही होत नाही, चौतीस जण शूज घालून गेले की ओला बांध खचतो, खाचरातलं पाणी वाहून जातं आणि नुकती लावलेली रोपं उघडी पडतात. त्या दादांनीच दाखवलं होतं मला, गुडघाभर चिखलात उभं राहून हातानं माती थापत होते. तेव्हापासून बूट कितीही भरले तरी मी चिखलातनंच जाते. जनावरांसाठी आडवं लावलेलं लाकूड काढलंत तर शेवटच्यानं ते परत लावायचं. आणि स्पीकर घरी ठेवा हो. आवाज, धूर, डिओचा वास यानं आग्या मोहोळ उठतं, आणि ते उठलं की ज्यानं गाणी लावली तो आणि ज्यानं नाही लावली तो, दोघांनाही सारखंच चावतं.

पाण्याचं तर पोटतिडकीनं सांगते. ३० जून २०२४ ला भुशी डॅमच्या मागच्या धबधब्यात पुण्यातलं एक कुटुंब वाहून गेलं, लहान मुलांसकट. तुमच्या डोक्यावर ऊन असतं आणि वर डोंगरात पाऊस पडलेला असतो, पाणी वाढायला काही मिनिटं पुरतात. लीडर ओढा ओलांडायला नाही म्हणाला तर वाद घालू नका, परत फिरा. अशा वेळी लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्र या बचाव पथकासारखे लोक धावून जातात ना, तेसुद्धा आपापली घरं-कामं सोडून, स्वतःचा जीव धोक्यात घालून पाण्यात उतरतात.

येत्या रविवारी आमचा तिकोना आहे. सकाळी सहाला नळस्टॉपवरून निघायच्या आधी जोड्या लावणार आहोत, प्रत्येकानं आपला जोडीदार सांभाळायचा, आणि मोजणी वर पोचल्यावर, उतरायच्या आधी आणि बसपाशी अशी तीनदा होणार, पाऊस कितीही असू दे. ज्यांना मधेच कुठं उतरायचं असेल त्यांनी मला तोंडानं सांगा, मी शेवटीच असेन.