थकबाकी वायव्येला

सोमवारच्या मीटिंगमध्ये माझा पाय चार्ट, म्हणजे आकड्यांचे तुकडे पाडलेलं गोल चित्र, नापास झाला. आकडे चुकले म्हणून नव्हे, आकड्यांकडे कुणी पाहिलंच नाही. त्याचं तोंड चुकीच्या दिशेला होतं म्हणून.

आमची कंपनी भोसरी एमआयडीसीत रबरी होजपाइप बनवते आणि मी तिथे एमआयएस बघतो. म्हणजे अकाउंट्सचे आकडे उचलायचे आणि साहेबांना चहा संपायच्या आत समजतील अशा चित्रांत बसवायचे. दिवाळीनंतर त्यासाठी नवं सॉफ्टवेअर आलं. बसवणारा पोरगा जाताना म्हणाला, "डिफॉल्ट सेटिंग एकदा लावून घ्या सर, मग बघायलाच नको." डिफॉल्ट म्हणजे सॉफ्टवेअर न विचारता आपलं आपण जे करतं ते. तेव्हापासून मी तेवढंच बघतोय. महिने इंग्रजी बाराखडीनं लागायचे, एप्रिलला खेटून ऑगस्ट आणि त्याच्यामागे थेट डिसेंबर. वर्ष जानेवारीत उघडायचं. विक्री बारा कोटी चाळीस लाख असली की पडद्यावर १२४एम, म्हणजे १२४ मिलियन. साहेब किंचाळले होते, "वर्षात एकशे चोवीस मीटरच माल गेला?" त्यांचंही खरं होतं, होजपाइपच्या धंद्यात एम म्हणजे मीटर. हे सगळं मी रात्री जेवण गार करून एकेक करत लावलं. राहिली ती दिशा. चित्राला दिशा असते हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

सोमवारी ते सांगायला वास्तुवाले सर आले. खरं तर ते नवं गोडाऊन बघायला आले होते, पण कॉन्फरन्स रूममध्ये एसी आहे आणि गोडाऊनमध्ये नाही. खांद्याला तिरकी बॅग, दोन फोन, बोटांत तीन खडे. आमच्या ऑफिसातल्या बऱ्याच गोष्टी त्यांच्या शब्दावर हलतात. पाण्याचा कूलर हलला, साहेबांची खुर्ची हलली आणि मागल्या वर्षी माझं टेबल खिडकीपासून उठून संडासाशेजारच्या कोपऱ्यात गेलं.

मी थकबाकीचा चार्ट लावला. त्यातला सगळ्यात मोठा तुकडा, लालभडक, नव्वद दिवसांच्या वरचा. अडतीस टक्के. सॉफ्टवेअरची पद्धत अशी की मोठा तुकडा पहिला घ्यायचा, घड्याळातल्या बारापासून सुरू करायचं आणि काट्याच्या दिशेनं जायचं. त्यामुळे तो तुकडा वर उजवीकडे ऐसपैस बसला होता. मला वाटलं, आज तरी विषय निघेल. हे पैसे कुणाकडे अडकलेत, कोण फोन करणार, कधी करणार.

"हा लाल कशाचा?" सरांनी विचारलं.

"जुनी थकबाकी."

"आणि तुम्ही ती ईशान्येला ठेवलीत?"

"सर, हा चार्ट आहे."

"चार्ट असो नाहीतर चाळ, ईशान्य ती ईशान्य. ती हलकी पाहिजे. तिथे देव, तिथे पाणी. आणि इथे बुडीत पैसा येऊन बसलाय!"

खोलीत अकरा माणसं होती आणि त्यातली निम्मी इंजिनीअर. एकानं तोंड उघडलं असेल तर शपथ. उलट सेल्स मॅनेजर, ज्यांच्या गिऱ्हाइकांनी हा अख्खा लाल तुकडा पिकवलाय, ते पुढे सरसावले. "मला पण साहेब, त्या कोपऱ्यात कायम काहीतरी जड वाटायचं."

मी म्हणालो, "सर, हा स्क्रीन दक्षिणेच्या भिंतीवर आहे. आपण दक्षिणेकडे तोंड करून बसलोय. म्हणजे उजवीकडे पश्चिम येते. ईशान्य आपल्या पाठीमागे, त्या झेरॉक्सपाशी आहे."

चूक झाली. सरांनी बॅगेतून होकायंत्र काढलं, उठले आणि ते स्क्रीनजवळ नेलं. शेजारी स्पीकर आहे, स्पीकरमध्ये लोहचुंबक आहे, हे दहावीला जेमतेम पास झालेल्यालाही कळतं. काटा गरागरा फिरला.

"बघा!" सर म्हणाले. "ऊर्जा बघा केवढी आहे!"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, जणू ती ऊर्जा मी घरून डब्यात भरून आणली होती.

"भिंतीची दिशा वेगळी आणि चित्राची वेगळी," सर बसत म्हणाले. "नकाशा कुठल्याही भिंतीवर लावा, वर उत्तरच राहते ना?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि हेच मला अजून झोंबतंय. "हे वायव्येला घ्या. वायव्येला वायू. तिथली वस्तू टिकत नाही. माल ठेवा, विकला जातो. थकबाकी ठेवा, वसूल होते."

"आणि माणूस बसवला तर?" मी विचारलं. माझं टेबल वायव्येला आहे.

सरांनी चहाच्या कपात पाहिलं. साहेब म्हणाले, "तू ते फिरव आधी."

आणि ते फिरतं, हे त्यातलं दुर्दैव. सेटिंगमध्ये खोल आत 'पहिल्या तुकड्याचा कोन' म्हणून एक चौकट असते, शून्य ते तीनशे साठ. ज्यानं ती बनवली त्या बिचाऱ्याच्या मनात लेबलं एकमेकांवर चढू नयेत एवढंच असणार. मी अकरा जणांसमोर गणित केलं. अडतीस टक्के म्हणजे १३७ अंश, त्याचा मध्य वायव्येला, ३१५वर आणायचा, तर सुरुवात २४७पासून. टाकलं. चार्ट फिरला. कुणीतरी "वा" म्हणालं.

"टोक उत्तरेच्या पुढे गेलंय," सर म्हणाले. "उत्तरेला कुबेर. त्याला थकबाकीचा धक्का लागता कामा नये."

२२० टाकलं. टोक उत्तरेच्या तीन अंश अलीकडे थांबलं. कुबेर वाचला. ईशान्येला आता तीस दिवसांच्या आतली येणी आली, कोवळी, हिरवी. "स्वच्छ पाणी!" सर म्हणाले, आणि मीटिंग संपली. नव्वद दिवसांवरचे पैसे कुणाकडे आहेत हे कुणीच विचारलं नाही.

घरी जाऊन मी या प्रकाराचं मूळ शोधलं. पाय चार्ट पहिल्यांदा १८०१ मध्ये विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश माणसानं छापला. तुर्की साम्राज्य आशियात किती, युरोपात किती, आफ्रिकेत किती हे दाखवायला. तरुणपणी हा गृहस्थ जेम्स वॉटकडे ड्राफ्ट्समन होता. पुढे त्यानं बरेच धंदे काढले आणि बरेचसे बुडाले. त्यानं कुठला तुकडा कुठल्या दिशेला ठेवला होता, हे एकदा तपासावं असं आता मलाही वाटू लागलंय.

बदलायला हवं होतं ते डिफॉल्ट वेगळंच आहे. सॉफ्टवेअर थकबाकीचे तुकडे तीस, साठ, नव्वद दिवसांवर पाडतं. आपल्या कायद्यातला आकडा पंचेचाळीसचा. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे आमच्यासारख्या लघुउद्योगाचे पैसे गिऱ्हाइकानं फार तर ४५ दिवसांत द्यायचे असतात, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज, तेही दरमहा. ४५ वर रेघ मारली की कोण कायदा मोडतंय ते एका नजरेत दिसेल, असं मी दोनदा सुचवलं. "दिसून काय करायचंय?" साहेब म्हणाले. बरोबरच आहे. मोठ्या कंपनीकडे व्याज मागणाऱ्याला पुढची ऑर्डर मिळते का? मग ते तीस-साठच्या पोटात लपलेलं बरं. कोन फिरवायला मात्र कुणाची परवानगी लागत नाही.

सोमवारी संध्याकाळी मी २२० अंश 'डिफॉल्ट' म्हणून सेव्ह करून घरी गेलो. रात्री पावणेदहाला साहेबांचा फोन.

"अरे, ते परत ईशान्येला आलंय."

डिफॉल्ट फक्त माझ्या लॉगिनपुरतं सेव्ह झालं होतं. शिवाय ते नव्यानं काढलेल्या चार्टलाच लागतं. जुने त्रेचाळीस एकेक उघडून हातानं फिरवायचे. हे मी साहेबांना समजावून सांगितलं. ते म्हणाले, "मग डिफॉल्ट कशाला म्हणतात त्याला?" एवढ्या वर्षांत आमचं प्रथमच एकमत झालं.

गुरुवारी चाकणच्या एका गिऱ्हाइकाचे साडेसहा लाख आले. तीन आठवडे मी त्यांच्या अकाउंट्समधल्या बाईंना फोन करत होतो. शिक्का मारलेल्या डिलिव्हरी चलनाची कॉपी तीनदा पाठवली, तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं म्हणून शिक्का निळ्याऐवजी जांभळा कसा याचाही खुलासा केला. बाई भल्या होत्या, शेवटी म्हणाल्या, "दादा, आजच्या लॉटमध्ये टाकते." पैसे आल्याचा मेसेज बघून साहेब केबिनमधून बाहेर आले, त्यांनी सगळ्यांसमोर स्क्रीनकडे पाहिलं आणि हात जोडले. सरांना पाकीट गेलं. मला पेढा मिळाला. अर्धा, कारण स्टाफ वाढलाय.

त्रेचाळीसपैकी सतरा चार्ट फिरवून झालेत. बार चार्टला अजिबात हात लावू नको, सर मंगळवारी येऊन बघणार आहेत, असा निरोप आहे.