स्प्रिंग कापून गाडी तरुण होत नाही

चवथीच्या आधीपासून एक मेसेज आमच्याकडे फिरतोय. फोंड्यातल्या गाडीवेड्यांकडून मला तो चार वेळा आला. पाचव्यांदा मेव्हण्याने पाठवला, ज्याच्याकडे फक्त स्कूटर आहे. मजकूर थोडक्यात असा. जुनी स्पोर्ट्स कार खड्ड्यात खडखडते, वळणावर लोळते? मग एक, शॉकअप हाताने दाबून बघा, गाडी एकदा उसळून थांबली तर ते ठणठणीत आहेत. दोन, स्प्रिंग थकून मऊ झाल्या आहेत, एक वेढा कापा. गाडी कडक होईल, खाली बसेल, आणि खाली बसलेली गाडी वळणाला चिकटते. तीन, रबरी बुश (सांध्यांतल्या रबराच्या गाद्या) बदलायला सांगणारा मेस्त्री लुटतोय. घालायचेच तर सगळीकडे पॉलीयुरेथेनचे, म्हणजे कडक प्लॅस्टिकचे घाला, जन्माची काळजी मिटली. चार, अलाइनमेंट टायर बदलाल तेव्हा. पाच, गोव्याचे रस्ते बघता याहून जास्त खर्च म्हणजे पैसे मांडवीत टाकणं.

माझ्याकडे बीएमडब्ल्यूची पहिल्या पिढीची झेड-४ आहे, २००५ची. दोन माणसांची, कापडी छपराची, लांब नाकाची. ही पिढी २००२ ते २००८ या काळात अमेरिकेत, साउथ कॅरोलायनातल्या स्पार्टनबर्गला बनली. खालचं बरंचसं सामान त्या वेळच्या थ्री सिरीजच्या घरातलं. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात), मागे मल्टिलिंक (एका चाकाला अनेक दांड्या), म्हणजे रबराचे सांधे डझनाच्या वर. खाण कंपनीच्या वर्कशॉपात माझी उमेदीची वर्षं टिपरच्या कमानपाट्यांखाली गेली, २०१२ साली खाणी बंद पडेपर्यंत. तरीही काही चुका मी या गाडीवर स्वतःच्या पैशाने केल्या आहेत, त्यामुळे पुढे कुठे आवाज चढला तर तो थोडा स्वतःवरचाही समजा.

शॉकअप दाबून बघण्याची परीक्षा अगदीच खोटी नाही. गाडी तीन-चार वेळा झुलत राहिली तर शॉकअप मेलाय, एवढं ती सांगते. पण ती पास झाली म्हणून तो जिवंत आहे असं होत नाही. हाताने दाबता तेव्हा आतला पिस्टन सावकाश सरकतो. उसगावच्या बाजूला उखडलेल्या डांबराच्या कडेवर चाक आपटतं तेव्हा तोच पिस्टन कित्येक पट वेगाने धावतो, आणि झिजलेल्या झडपा तिथे उघड्या पडतात. गाडीचं अंग सेकंदाला एक-दोनदा वरखाली होतं. चाक मात्र स्वतःच्या नादाने दहा-पंधरा वेळा थडथडतं. तुम्ही बॉनेटवर हात टेकून पहिली हालचाल तपासता, दुसरी तपासायला हात पुरत नाही. त्यापेक्षा टायरवरून तळहात फिरवा. रबर वाटी-वाटीने, लाटा आल्यासारखं झिजलं असेल तर चाक रस्त्यावर टिकत नव्हतं. शॉकअपच्या अंगावर धूळ चिकटलेला पुसटसा तेलाचा हात दिसला तर घाबरू नका, ओघळ दिसला तर तो गेला. बदलायचे ते एका अॅक्सलवरची जोडी, आणि त्यांच्याबरोबर वरचं माउंटिंग, बंप स्टॉप (शेवटचा दणका झेलणारा ठोकळा) आणि धुळीचा बूट. मी पहिल्या वेळी माउंटिंग जुनंच ठेवलं. पावसाळा संपेपर्यंत तेच काम पुन्हा, तीच मजुरी पुन्हा.

आता स्प्रिंग. इथे मेसेजने एका वाक्यात इतक्या चुका केल्या आहेत की थोडं थांबावं लागेल.

स्प्रिंग मऊ होत नाही. तिचा कडकपणा तारेची जाडी, वेढ्याचा व्यास, चालत्या वेढ्यांची संख्या आणि पोलाद यांवर ठरतो, आणि वापराने यातलं काही बदलत नाही. वीस वर्षांत ती बसते, म्हणजे उंची थोडी उतरते. हे मोजता येतं: सपाट जागी गाडी ठेवून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या काठापर्यंत टेप लावा, चारही बाजू लिहून ठेवा. एखादा कोपराच खूप खाली असेल तर रोग बसण्याचा नाही, मोडण्याचा असू शकतो. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत स्प्रिंगच्या टोकाचा रंग सुटतो, गंज आत शिरतो आणि शेवटचा वेढा तुटून जागच्या जागी पडून राहतो. रँपवर बॅटरी मारून बघेपर्यंत मालकाला पत्ता नसतो.

कापल्याने ती कडक होते हे मात्र खरं आहे. किती? सहा चालत्या वेढ्यांतला एक गेला तर कडकपणा सहा भागिले पाच पट होतो, म्हणजे २० टक्क्यांनी वाढतो. आता दुसरी बाजू. समजा चाकाला वर जायला ८० मिलिमीटर जागा होती आणि कापून गाडी ४० मिलिमीटर उतरवली. तोच दणका आता निम्म्या अंतरात पचवायचा आहे. स्प्रिंग साठवते ती ऊर्जा अंतराच्या वर्गाने वाढते, म्हणून निम्म्या अंतरात तेवढंच पचवायला स्प्रिंग चौपट कडक हवी. हातात आलाय पाचवा हिस्सा. बाकीचा दणका बंप स्टॉप खातो, तो संपला की शॉकअप, आणि शेवटी स्ट्रट ज्यात बसतो तो पत्रा. लोक म्हणतात, गाडी ‘स्पोर्टी कडक’ झाली. ती कडक झालेली नसते, ती रबरावर आपटत असते. शिवाय कापलेलं टोक खालच्या ताटलीत नीट बसत नाही, आणि चाक पूर्ण लोंबकळलं की स्प्रिंग सैल होऊन सरकते.

राहिलं ‘खाली म्हणजे चिकट’. मॅकफर्सन स्ट्रटच्या गाडीत कारखान्याच्या उंचीला पुढची लोअर आर्म (चाकाला गाडीशी जोडणारी खालची दांडी) साधारण आडवी किंवा चाकाकडे किंचित उतरती असते. गाडी दाबली की ती चाकाकडे चढती होते, आणि ज्या काल्पनिक बिंदूभोवती अंग कलतं तो रोल सेंटर गाडीच्या उतरण्यापेक्षा जास्त खाली जातो. वजनाचा मध्यबिंदू ४० मिलिमीटर उतरला, रोल सेंटर त्याहून जास्त. दोघांतलं अंतर वाढलं, म्हणजे गाडीला कलवणारा दांडा लांब झाला. त्याच स्प्रिंगवर ती आधीपेक्षा जास्त लोळते! टाय रॉडचाही (स्टिअरिंगकडून चाक वळवणाऱ्या दांड्याचा) कोन बिघडतो आणि खड्ड्यात स्टिअरिंग आपसूक इकडेतिकडे ओढायला लागतं. कंपन्या खाली बसणाऱ्या स्प्रिंग विकतात त्या जाड तारेच्या, वेगळ्या मापाने वळवलेल्या आणि जुळत्या शॉकअपबरोबर चालणाऱ्या असतात. करवतीने त्या तयार होत नाहीत. कायद्याचंही एकदा सांगून टाकतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ तपशिलात बदल करण्याबद्दल आहे, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कडकपणे वाचलं. झिजलेल्या जागी मूळ मापाचा भाग घालणं निराळं, गाडीची ठेवण बदलणं निराळं.

बुश बदलायला सांगणारा मेस्त्री लुटतोय, हे वाचून मला सगळ्यात जास्त राग आला. कारण या वयाच्या गाडीत म्हातारं होतं ते मुख्यतः रबर. झेड-४च्या पुढच्या लोअर आर्मच्या मागच्या टोकाला एक जाड गोल बुश असतो, आत पोकळ्या ठेवलेला. तो फाटला की ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरतं आणि गाडी रस्त्यावर हुंगत चालल्यासारखी डावी-उजवीकडे जाते. माझी तशीच जायची. मी आधी महागातले शॉकअप घातले. गॅस भरलेले, मोनोट्यूब, म्हणजे एकाच नळीचे. बिल्स्टाइनने १९५७मध्ये मर्सिडीजसाठी जी जात कारखान्यात आणली ती. वस्तू उत्तम, पण हुंगणं होतं तिथेच, कारण आर्मच जागेवर नव्हती. हाडं खिळखिळी असताना नवीन स्नायू लावल्यासारखं ते काम होतं. नंतर बुश बदलले आणि खांडेपारच्या रस्त्यावर गाडी पहिल्यांदा सरळ धावली.

त्याआधी एकदा बुश बदलूनही फसलो होतो, ते सांगायलाच हवं. मूळचा रबरी बुश बाहेरच्या आणि आतल्या धातूच्या नळीला घट्ट चिकटवलेला असतो. तो घसरत नाही, पिळला जातो. त्यामुळे मधला बोल्ट गाडीचं वजन चाकावर असताना, म्हणजे चालती उंची असतानाच शेवटचा आवळायचा. एका गॅरेजात गाडी लिफ्टवर, चाकं लोंबकळत, आणि पोराने बोल्ट आवळून टाकले. गाडी खाली उतरली तेव्हा नवेकोरे बुश उभ्या-उभ्याच पिळलेले होते. वर्षही निघालं नाही, चिरले. आता मी आधी टेपने घेतलेलं माप भिंतीवर पेन्सिलने लिहितो, हबखाली जॅक लावून चाक त्या मापाला उचलतो आणि मग पाना हातात घेतो. आमचे मेस्त्री आधी हसले. “बाब, गाडीचं अंगडं शिवताय की काय?” आता दुसऱ्या गाड्यांनाही ते टेप लावतात.

मग पॉलीयुरेथेन का नाही? काही ठिकाणी जरूर घाला. पुढच्या आर्मचा तो मागचा बुश मुख्यतः एकाच अक्षावर फिरतो, तिथे पॉली घातलंत तर मी भांडणार नाही; स्टिअरिंग टोकदार होतं, थोडी कंपनं हाताला येतात. पण मागच्या ट्रेलिंग आर्मच्या (मागच्या चाकापासून पुढे जाणाऱ्या दांडीच्या) पुढच्या टोकाला मुळीच नको. ती आर्म वरखाली होताना बाकीच्या दोन आर्म तिला आडवंही ओढतात, म्हणून त्या सांध्याला एकाच वेळी फिरायचं, कलायचं आणि थोडं सरकायचं असतं. रबर हे सगळं सोसतं. पॉली ताठ राहतं, अडतं, आणि मागचं चाक स्प्रिंगवर नव्हे तर बुशच्या हट्टावर चालायला लागतं. शिवाय पॉली चिकटवलेलं नसतं, ग्रीसवर घसरतं. आपल्याकडे चार महिने पाऊस आणि लाल चिखल. ग्रीस धुपलं की करकर सुरू. जन्माची काळजी मिटत नाही, ती दर पावसाळ्यानंतर ग्रीसगन घेऊन परत येते.

अलाइनमेंट नंतर? या गाडीत ट्रेलिंग आर्मचा ब्रॅकेट तीन बोल्टवर बसतो आणि त्याची भोकं लांबट आहेत. मागच्या चाकाचा टो, म्हणजे चाक सरळ न बघता किती आत-बाहेर वळलंय ते, तिथेच ठरतो. ब्रॅकेट सोडला की मागचा टो गेला, खुणा करून ठेवल्या तरी. आतून झिजलेल्या टायरबद्दल लोक कॅम्बरला, म्हणजे चाकाच्या उभ्या कलण्याला, शिव्या घालतात. रबर खरवडतो तो बहुतेकदा बिघडलेला टो. त्याच संध्याकाळी करा, आणि चारही चाकांची करा.

शेवटचा मुद्दा रस्त्यांचा, आणि तो अर्धा खरा असल्यामुळेच फसवा आहे. पर्वरीची धूळ-वळणं, गावोगावचे बिनरंगाचे गतिरोधक, चोर्ला घाटात पावसाने खाल्लेल्या कडा, हे सगळं आहेच. पण रस्ता वाईट असेल तर चाकाला वर जायला जागा जास्त हवी आणि रबर मऊ हवं, म्हणजे मेसेज सांगतो त्याच्या नेमकं उलट. माझ्या गाडीत सगळ्यात मोठा फरक टायरने पडला. ही गाडी रनफ्लॅटवर येते. पंक्चर झाल्यावरही वजन पेलायचं म्हणून त्यांच्या बाजू ताठ असतात, आणि म्हातारे झाले की लाकूडच. माझ्या टायरवरच्या कोडचे शेवटचे चार आकडे होते १४१२, म्हणजे २०१२चा चौदावा आठवडा. साधे टायर घातले, स्टेपनीला जागा नाही म्हणून डिकीत पंप आणि पंक्चर किट ठेवलं. निम्मा खडखडाट तिथेच गेला, ज्यासाठी मी शॉकअपला दोष देत होतो.

आज क्रम विचाराल तर: टायर, बुश आणि बॉल जॉइंट, मग मूळ मापाचे शॉकअप त्यांच्या माउंटिंगसकट, मग अलाइनमेंट. त्यानंतर दोन महिने ती तशीच चालवा, मोल्याच्या पुढे अनमोड घाटाच्या वळणांवर न्या. कंपनीने ही गाडी कशी दिली होती ते माहीत नसताना ‘अपग्रेड’ कशाला करायचं हेच कळत नाही. एवढं करूनही वळणावर जास्त लोळते वाटलं तर जाड अँटीरोल बार (दोन्ही बाजूंची चाकं जोडून कलणं आवरणारी सळई) घ्या. गाडीची उंची आणि चाकाची जागा त्याने जात नाही. उंची फिरवता येणारे कॉइलओव्हर (स्प्रिंग-शॉकअपचे एकत्र संच) मी घेतले नाहीत. किनाऱ्याजवळ त्यांच्या कड्या आट्यांवर गंजून बसतात, आणि ज्यासाठी जास्त पैसे मोजले ते फिरवणंच बंद होतं.

माझ्याही गाडीत एक काम राहिलंय. पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडताना मागून एक बारीक ‘टक’ येतो. बहुधा सबफ्रेमचे, म्हणजे मागचा सांगाडा ज्यावर बसतो त्या चौकटीचे बुश. त्यांना अख्खी मागची बाजू खाली उतरवावी लागते आणि बोल्ट वीस वर्षांचे आहेत, म्हणून गेले आठ दिवस रोज संध्याकाळी त्यांच्यावर गंज सोडवणारं तेल मारतोय. दिवाळीच्या आधी मेस्त्रींना वेळ मिळाला तर बघू.