घोंगडं भिजत ठेवायचं शास्त्र

क्षेपणास्त्र संरक्षणावर आंतरराष्ट्रीय संवाद घडवायची जबाबदारी अंगावर पडलीच, तर आधी जुना करार मोडा. क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणांवर मर्यादा घालणारा सोव्हिएत संघाबरोबरचा 1972 चा करार अमेरिका 2002 मध्ये सोडून मोकळी झाली. तो टिकला असता तर पुढच्या इतक्या परिषदांना विषय कुठून मिळाला असता?

मग शत्रू नेमा. तो लांबचा असावा, आणि त्याच्यापासून वाचवणारी यंत्रणा तिसऱ्याच्याच दारात उभी राहावी. बुश प्रशासनाने नाव घेतलं इराणचं. दहा क्षेपणास्त्रभेदी मात्र पोलंडमध्ये आणि रडार चेक प्रजासत्ताकात बसवायचं घाटलं. 2007 मध्ये पुतिन म्हणाले, अझरबैजानात गबालाला आमचं रडार आहे, इराणच्या अगदी उशाशी, तेच वापरा की! अशा वेळी गडबडून हो म्हणू नका. सूचना रोचक आहे, तज्ज्ञ बघतील, असं सांगा. तज्ज्ञ बघतात. बघतच राहतात.

तुम्ही रशियाच्या बाजूने बसला असाल, तर मॉस्कोभोवती कित्येक दशकं उभ्या असलेल्या स्वतःच्या क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेचं नावही काढू नका. आपलं ते संरक्षण, दुसऱ्याची ती चिथावणी. मुद्दे संपले की पोलंडला खेटून असलेल्या आपल्या कॅलिनिनग्राडमध्ये इस्कंदर क्षेपणास्त्रं आणायची धमकी द्या. रशियाचे तेव्हाचे अध्यक्ष मेदवेदेव यांनी ती 2008 मध्ये दिली, ओबामा निवडून आल्याच्या दुसऱ्याच दिवशी. अभिनंदनाच्या तऱ्हा वेगवेगळ्या असतात.

खरं घोडं पेंड खातं ते सहकार्य ठरल्यावर. 2010 च्या नोव्हेंबरात लिस्बनला नाटो आणि रशिया यांचं तसं ठरलं. मेदवेदेव म्हणाले, आकाश वाटून घेऊ, आपापल्या वाट्यातलं आपण पाडू. नाटो म्हणाली, छे, यंत्रणा दोन, माहिती तेवढी एकमेकांना देऊ. बरं, मग ही आमच्याविरुद्ध नाही एवढं तरी कायदेशीर लिहून द्या, रशिया म्हणाला. इथे सांभाळा! शब्द हवा तितक्यांदा द्या, गळ्याची शपथ घ्या, पण सही नको.

आणि माइक बंद असल्याची खात्री करा. मार्च 2012 मध्ये दक्षिण कोरियात सोलला याच विषयावर ओबामा मेदवेदेवना हळूच म्हणाले, ही माझी शेवटची निवडणूक, नंतर मला जरा मोकळीक मिळेल. मेदवेदेव म्हणाले, व्लादिमिरला (म्हणजे पुतिनना) निरोप देतो. साऱ्या जगाने ऐकलं. माझ्या मते एवढ्या वर्षांत खराखुरा संवाद झाला तो एवढाच. मे महिन्यात मॉस्कोने याच विषयावर परिषद भरवली आणि तिथे रशियाचे लष्करप्रमुख जनरल मकारोव यांनी बजावलं की, परिस्थिती चिघळली तर नाटोच्या या यंत्रणेवर आधीच हल्ला करायचाही विचार होईल. यजमानाने इतकं मोकळं असावं.

2014 मध्ये रशियाने क्रिमिया बळकावल्यावर नाटोने प्रत्यक्ष सहकार्य स्थगित केलं. म्हणजे जे धड सुरूच झालं नव्हतं, ते.

मध्येच नेमलेल्या शत्रूशी समझोता झाला तर? डगमगू नका. इराणशी अणुकरार 2015 मध्ये झाला, रुमानियात देवेसेलूचा क्षेपणास्त्रभेदी तळ तरीही 2016 मध्ये सुरू झाला. पोलंडमधल्या रेजिकोवोच्या तळाचं उद्घाटन 2024 मध्ये उरकलं.

कुणी सहकार्याचा नमुना मागितलाच, तर 2000 चा दाखवा. क्लिंटन आणि पुतिन यांनी मॉस्कोत सह्या केल्या की, क्षेपणास्त्र सुटल्याच्या सूचना दोन्ही देशांच्या अधिकाऱ्यांनी एकाच केंद्रात शेजारी शेजारी बसून बघायच्या. केंद्र काही सुरू झालं नाही. पण एक मान्य करायला हवं, तिथे आजवर एकही भांडण झालेलं नाही.