आधी लटकायला शिकवा, मग पळवा

सकाळपासून डोकं तापलंय, म्हणून लिहितोय. मैदानावर आज चाळिशीतले एक गृहस्थ आले होते, शहरी अडथळ्यांच्या शर्यतीची तयारी करायला. पहिलाच दिवस. प्रशिक्षकाने आल्या आल्या ५० बर्पी (खाली वाकून पाय मागे टाकायचे, परत उठून उडी मारायची) मारायला लावल्या आणि ते धापा टाकत असतानाच मंकी बारवर, म्हणजे हातांनी लटकत पार करायच्या आडव्या दांड्यांवर, चढवलं. तिसऱ्या दांडीला हात सुटला. उजव्या तळव्याची कातडी बोटांच्या मुळाशी सोलून लोंबत होती. त्यावर उत्तर काय, तर "होतं असं, सवय होईल."

अहो, अशी सवय होत नाही! कातडी फाटण्याचं कारण साधं आहे. दांडी तळहाताच्या मधोमध धरली की वजनाने कातडी बोटांकडे सरकते, तिची घडी पडते आणि झोका घेतला की ती घडीच फाटते. दांडी बोटांच्या मुळाशी धरायची. घट्टे वाढले तर घासून सपाट करायचे. हे सांगायला दोन मिनिटं पुरतात, पण ती दोन मिनिटं त्या माणसाला कुणी दिली नाहीत.

शहरातल्या शर्यतीत जिने असतात, भिंती, कठडे, दोर, लोखंडी दांड्या, खांद्यावर वाळूची पिशवी. पाय कसेबसे ओढत नेता येतात. पकड सुटली की मात्र खेळ तिथेच थांबतो. म्हणून सुरुवात नुसत्या लटकण्याने करावी. १० सेकंद, ५ वेळा, मध्ये मिनिटभर विश्रांती, आठवड्यातून ३ दिवस. खांदे कानांपासून खाली ओढलेले. जमत नसेल तर पायाची बोटं खाली टेकवा, त्यात कमीपणा काही नाही. सलग ३० सेकंद जमले की मगच एका दांडीवरून पुढच्या दांडीवर हात टाकायचा. पुल-अप, म्हणजे लटकून स्वतःला वर ओढणं, येत नसेल तर स्टुलावर चढून हनुवटी बारच्या वर आणायची आणि ५ सेकंद मोजत खाली यायचं. असं ४ वेळा पुरे. स्नायू लवकर तयार होतात, त्यांना हाडांशी जोडणाऱ्या कंडरा मागे राहतात. घाई केली की कोपराची आतली बाजू दुखायला लागते आणि मग महिना-महिना पिच्छा सोडत नाही.

मान्य आहे, शर्यतीत दमलेल्या हातांनीच लटकावं लागतं. पण तो सराव आठव्या-नवव्या आठवड्यातला, पहिल्या सकाळचा नाही.

पळण्याचं फार अवघड नाही. १ मिनिट धावा, २ मिनिटं चाला, अशा ८ फेऱ्या. जिने चढताना जोर लावा, उतरताना चाला. उतरताना मांड्यांवर जास्त ताण येतो आणि दुसऱ्या दिवशी तिथेच ठणकतं.

आणि भिंत! त्याच गृहस्थांना, तळवा तसाच असताना, भिंतीवरून थेट उडी मारायला सांगितलं. हे बघून खरंच संताप आला. ८ फुटांच्या भिंतीवर पोट टेकवून वळायचं, हात पूर्ण ताणून लटकायचं. मध्यम उंचीच्या माणसाचे पाय तेव्हा जमिनीपासून जेमतेम फूटभर वर असतात. मग सोडायचं, गुडघे वाकवून, ते आत न झुकवता. त्याच भिंतीच्या माथ्यावरून काँक्रीटवर उडी म्हणजे घोटा गमावणं.

दोरही हातांच्या जोरावर चढायचा नसतो. तो उजव्या पायाच्या बाहेरून सोडायचा, डाव्या पावलाने उजव्या पावलाखालून उचलून त्याच पावलावर दाबायचा आणि पावलांच्या त्या कुलपावर उभं राहायचं. उभं राहताना जोर पायांचा, हात मुख्यतः तोल सांभाळतात.

ते गृहस्थ शेवटी नळाखाली हात धरून बसले होते. चेहऱ्यावर राग नव्हता, लाज होती. लाज त्यांना का वाटावी? विचारत होते, उद्या यायचं की नाही. जरूर या हो. हात स्वच्छ धुऊन, कोरडा करून झाकून ठेवा, नवी कातडी धरेपर्यंत बारला हात लावू नका. तोवर जिने आहेत, चाल-धाव आहे, आणि एका पायरीवरून हलकेच खाली उतरण्याचा सराव आहे.