न वाचलेल्या कादंबरीवर ठाम मत कसं द्यावं

चार सुशिक्षित माणसं जमली की त्यातलं एक तरी विचारतंच, ‘सध्या काय वाचताय?’ ‘काही नाही’ म्हणायची सोय नसते. एखादं नाव घेतलं की ‘कशी आहे?’ हा पुढचा प्रश्न टपलेलाच असतो. अशा वेळी काही बिचारे भांबावतात आणि खरंखुरं मत देऊन बसतात. त्यांचं पुढे काय होतं ते मी परवाच पाहिलंय. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून हा सगळा खटाटोप.

सर्वांत आधी एक पथ्य. मत द्यायचं असेल तर कादंबरी वाचू नये. वाचली की माणूस डळमळतो. ‘सुरुवात रेंगाळते, पण मधलं एक प्रकरण फार सुंदर आहे, शेवट काही पटला नाही’ असलं काहीबाही बोलायला लागतो. असल्या मताला सभेत कोणी विचारत नाही. ठाम मत हवं असेल तर मुखपृष्ठ बघावं, मलपृष्ठ वाचावं, मधलं कुठलं तरी पान उघडून एक वाक्य पाठ करावं आणि खुशाल उभं राहावं.

कादंबरी कोणतीही असो, ‘नेमाड्यांनी हे १९६३ सालीच करून ठेवलंय’ म्हणा. कोणी उलटून विचारत नाही की काय करून ठेवलंय.

मुराकामीचा विषय निघाला तर ‘अनुवादात बरंच निसटलंय’ असं खेदाने म्हणा. जपानी येत नसली तरी चालेल.

मलपृष्ठ वाचण्याइतकाही वेळ नसेल तर सिनेमा पाहावा आणि मत कादंबरीवर द्यावं. यात किंचित धोका आहे. परवा एक उत्साही तरुण व्हॅम्पायरच्या, म्हणजे रक्त पिणाऱ्या पिशाच्चांच्या, ट्वायलाइट मालिकेतल्या शेवटच्या ‘ब्रेकिंग डॉन’बद्दल बोलताना म्हणाला, ‘शेवटची लढाई काय लिहिलीय! मुंडकी उडतात अक्षरशः!’ आता ही मुंडकी उडतात २०१२ सालच्या सिनेमात, आणि तिथेही ते सगळं एका पात्राला आधीच दिसलेलं भविष्य असतं, घडत काहीच नाही. २००८ सालच्या कादंबरीत दोन्ही बाजू बर्फात समोरासमोर उभ्या राहतात, एकीचा बळी जातो, बरीच बोलाचाली होते आणि मंडळी पांगतात. लढाई नाहीच. पण घाबरू नका. सभेतल्या निम्म्या लोकांनीही सिनेमाच पाहिलेला असतो, उरलेल्यांनी तोही नसतो, त्यामुळे टाळ्या मिळतात. त्या तरुणालाही मिळाल्या.

फेसबुकवर मत द्यायचं असेल तर पुस्तकाचा फोटो हवा. शेजारी वाफाळता चहा, पुस्तकावर घडी केलेला चष्मा, कोपऱ्यात मोगऱ्याची दोन फुलं. खाली ‘अस्वस्थ करणारी कादंबरी’. चष्मा पुस्तकावर ठेवला असेल तर तुम्ही वाचत कशाने होतात, असं अजून तरी कोणी विचारलेलं माझ्या ऐकिवात नाही.

पुस्तकाबद्दल काही सुचेनासं झालं तर ते कुठे वाचलं ते सांगा. मनालीच्या हॉटेलातली खिडकी, समोरचा बर्फ, जावयाने केलेलं बुकिंग. वीस मिनिटं सहज निघतात. शेवटी ‘वाचनीय!’

आता मुख्य विषयाकडे येतो. समोरची व्यक्ती वयाने लहान असेल, मुलगी असेल आणि तिने व्हॅम्पायरची कादंबरी वाचली असेल, तर तुमच्यासारखे भाग्यवान तुम्हीच. मलपृष्ठसुद्धा बघायला नको. मुलीकडे बघायचं, किंचित हसायचं आणि ‘अगं बाळ’ अशी सुरुवात करायची.

परवा आमच्या वाचनालयाच्या कट्ट्यावर याचं आदर्श प्रात्यक्षिक झालं. विषय होता ‘नुकतीच वाचलेली कादंबरी’. पलीकडच्या इमारतीतली नववीतली एक मुलगी आली होती. हातात ट्वायलाइट. ते काळं मुखपृष्ठ, दोन पांढरेफटक हात आणि ओंजळीत लाल सफरचंद. मुद्दे वहीच्या कागदावर काढून आणले होते, आणि आपली पाळी येईपर्यंत घड्या घालून-उलगडून त्या कागदाचं पार फडकं झालं होतं. आधीचे वक्ते मनालीत होते, त्यामुळे पाळी यायला उशीर झाला.

उभी राहिली आणि बोलली चांगलं. बेला नावाची मुलगी सतत पाऊस पडणाऱ्या फोर्क्स गावात वडिलांकडे राहायला येते, वर्गातला एडवर्ड व्हॅम्पायर निघतो, एवढं दोन वाक्यांत आटपून ती थेट दुसऱ्या भागावर आली. एडवर्ड सोडून जातो, तिथे चार पानं आहेत. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी. प्रत्येक पानावर फक्त महिन्याचं नाव, बाकी कोरं. ‘मला तिथे पान उलटवेना,’ ती म्हणाली.

‘लेखिकेला काही सुचलं नसेल!’ समोरून सर म्हणाले. हशा पिकला. सर म्हणजे कट्ट्याचे ज्येष्ठ. त्यांना सगळे सरच म्हणतात, आपणही तेच म्हणू.

लक्षात घ्या, विनोद असा हवा. वेळेवर, मोठ्या आवाजात, आणि ज्याला उलट उत्तर देता येणार नाही अशा माणसावर.

मुलगी थांबली. कागद बघितला. मग म्हणाली की एडवर्ड रात्री न विचारता तिच्या खोलीत येऊन तिला झोपलेली बघत बसतो, आणि तिसऱ्या भागात तिने मित्राला भेटायला जाऊ नये म्हणून तिच्या गाडीच्या इंजिनातला भागच काढून ठेवतो. ‘हे मला चुकीचं वाटलं. म्हणजे भीतीच वाटली. तरी मी वाचतच राहिले. का, ते मला अजून कळलेलं नाही.’

या कट्ट्यावर कादंबरीबद्दल इतकं सरळ बोललेलं मी तरी ऐकलं नव्हतं. स्टेफनी मायरची ही मालिका २००५ साली सुरू झाल्यापासून दहा कोटींहून जास्त प्रती खपल्या, आणि तिच्यावर मोठमोठ्या लोकांनी जी खरी टीका केली आहे ती नेमकी हीच. प्रेमाच्या नावाखाली पाळत ठेवणारा नायक. आणि नववीतली मुलगी त्याच्यापुढे जाऊन विचारत होती, मला हे खटकलं तरी मी सोडवून का घेतलं नाही स्वतःला? इथून खरी चर्चा सुरू व्हायला हवी होती. दोन तास झाली असती.

सरांनी घड्याळ बघितलं.

मग म्हणाले, ‘अगं बाळ, मुळात हे व्हॅम्पायरच नव्हेत! उन्हात चमचम करतात म्हणे. खरा व्हॅम्पायर उन्हात आला की त्याची राख होते, राख! आधी ब्रॅम स्टोकरचा ड्रॅक्युला वाच. १८९७चा. मग आपण बोलू.’

सन अगदी बरोबर. बाकी?

बाकी असं की स्टोकरचा ड्रॅक्युला दिवसाढवळ्या फिरतो. लंडनच्या पिकॅडिलीत, भर दिवसा, टोपी घातलेल्या एका सुंदर मुलीकडे टक लावून बघत उभा असतो, आणि त्याला ओळखून, पूर्वी त्याच्या तावडीतून सुटलेल्या जोनाथन हार्करच्या पायातलं बळ जातं. दिवसा त्याच्या शक्ती आटतात, इतकंच. उन्हाने राखबीख होत नाही. मरतो तो मावळतीच्या सुमाराला दोन सुऱ्यांनी, एक गळ्यावर आणि एक काळजात. उन्हाने व्हॅम्पायर मारायची टूम निघाली ती ‘नोस्फेरातू’ या जर्मन मूकपटात, १९२२ साली. स्टोकर तेव्हा वारून दहा वर्षं झाली होती. म्हणजे ज्या पुस्तकाचा सोटा करून सरांनी त्या मुलीला हाणलं, ते पुस्तक सरांनी स्वतः वाचलेलं नाही. किंवा वाचलं असेल तर पिकॅडिली येण्याआधीच झोप लागली असेल.

पण पुढचा सल्ला महत्त्वाचा. अभिजात ग्रंथाचं नाव घ्या आणि लगेच खाली बसा. उत्तर द्यायला कोणी उठत नाही. परवाही कोणी उठलं नाही.

‘पोरकट साहित्य’ हा शब्दही सरांनी वापरला, तुम्हीही वापरा. मात्र व्हॅम्पायरचं हे खूळ इंग्रजीत रुजवलं ते पोरांनीच, हे कोणाला कळू देऊ नका. १८१६चा उन्हाळा. आदल्या वर्षी तांबोरा ज्वालामुखी फुटलेला, त्यामुळे युरोपात ऊनच पडेना. जिनिव्हाच्या सरोवराकाठी एका बंगल्यात कवी लॉर्ड बायरनची मित्रमंडळी पावसाने कोंडून बसलेली. भुताच्या गोष्टी लिहायच्या अशी पैज लागली. अठरा वर्षांच्या मेरीने, म्हणजे पुढच्या मेरी शेलीने, त्यातून फ्रँकेनस्टाइन उभा केला. बायरनचा डॉक्टर जॉन पोलिडोरी तेव्हा वीस वर्षांचा, त्याने पुढे लिहिलेली व्हॅम्पायरची गोष्ट १८१९ साली छापून आली. ड्रॅक्युलाच्या पंचवीस वर्षं आधी आलेल्या ‘कार्मिला’ या व्हॅम्पायरच्याच गोष्टीत आपली कहाणी सांगणारी मुलगी, ती कहाणी घडते तेव्हा, एकोणीस वर्षांची असते. आमच्या कट्ट्यावर यांच्यातलं कोणी आलं असतं तर सरांनी त्यांनाही ‘अगं बाळ, अरे बाळ’ करून खाली बसवलं असतं.

शेवट सांगून टाका. कोण मेला, कोणी मारलं, सगळं. ऐकणाऱ्याचे वाचनाचे कष्ट वाचतात.

‘मी फिक्शन वाचत नाही’ हेही एक चांगलं मत आहे. एकदा दिलं की जन्मभर पुरतं.

आणि स्वतःचं बालपण कधीही काढावं, ते पवित्र असतं. याच सरांनी मागे एकदा बाबूराव अर्नाळकरांवर मनसोक्त भाषण केलं होतं. झुंजार, धनंजय, काळा पहाड. गणिताच्या पुस्तकाखाली लपवून वाचलेल्या रहस्यकथा, वडिलांनी एकदा पकडून दिलेला मार, भाड्याने पुस्तकं देणारं कोपऱ्यावरचं दुकान. बोलता बोलता सरांचे डोळे भरून आले होते. आमचेही आले. अर्नाळकरांनी हजाराहून जास्त कादंबऱ्या लिहिल्या, महाराष्ट्राच्या दोन-तीन पिढ्यांना वाचायची चटक लावली, त्यांच्याबद्दल बोलताना डोळे भरून यावेतच. कोणी उठून म्हणालं नाही की सर, हे खरे गुप्तहेर नव्हेत, आधी कॉनन डॉयल वाचा, मग बोलू. कारण मुलगा चोरून बुरखाधारी नायक वाचतो तेव्हा त्याला वाचनसंस्कार म्हणतात. मुलगी उघडपणे, चारचौघांत, मुद्दे काढून, एका फिकट चेहऱ्याच्या पोराबद्दल वाचते तेव्हा तो कचरा असतो.

असा फरक करणारा हा पहिलाच माणूस नाही आणि ट्वायलाइट ही काही थोर कादंबरी नाही. एडवर्ड किती देखणा आहे हे वाचून वाचून मला स्वतःला कंटाळा आला होता. मोठी झालेली ती मुलगीही कदाचित हेच म्हणेल, कदाचित नाही म्हणणार. तो तिचा प्रश्न. पण मी वाचून कंटाळलो. तुम्ही न वाचता कंटाळता.

पुढचा सल्ला होता नवोदित लेखकाला ‘लिहीत राहा’ कसं म्हणावं याबद्दल. तो देत नाही. आता लिहावंसंच वाटत नाही.

ती मुलगी खाली बसली, सर. तुमच्या लक्षात आलं का? कागदावर अजून खाली मजकूर होता, तो तिने वाचलाच नाही. चहा न घेता गेली. तुम्ही तोवर बिस्किटाचा पुडा फोडत होतात. आणि आता व्हॉट्सअॅपवर पुढच्या महिन्याच्या कट्ट्याचा विषय आला आहे, ‘नवी पिढी वाचत का नाही?’ प्रमुख वक्ते तुम्हीच. लाज नाही वाटत? वाचत होती की नवी पिढी! चारशे-पाचशे पानांचे जाडजूड भाग संपवून, तुमच्यासमोर उभी राहून, न अडखळता बोलत होती. तुम्ही आणि आम्ही सगळ्यांनी मिळून तिला हसून घालवली, आणि आता तिच्या नावाने गळा काढायला माइक भाड्याने आणणार आहात. त्या माइकचे पैसे वर्गणीतून जातात म्हणून सांगतो, मी देणार नाही.

तुम्हाला कादंबरी आवडली नाही, तर नावडायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. पण आधी ती वाचा. तेवढे कष्ट नको असतील तर समोरची मुलगी बोलत असताना तोंड बंद ठेवा, एवढं तरी जमेल ना? आणि ड्रॅक्युला आपल्याच वाचनालयात आहे, इंग्रजीच्या कपाटात, वरून दुसऱ्या फळीवर. मी बघून आलो. घरी घेऊन जा. पिकॅडिलीपर्यंत या. मग तिच्या घरची बेल वाजवा आणि तिच्या कागदावर पुढे काय लिहिलं होतं ते विचारा. दार उघडेलच, याची खात्री मी देत नाही.